‘कशावरून?’ हे घरात कसं विचारायचं

एका वाचक मुलीचं पत्र, थोडं कमी करून:

‘मॅडम, नमस्कार. मी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावाहून रोज एसटीने तालुक्याला कॉलेजला येते. बी.ए.चं पहिलं वर्ष संपत आलंय. मराठी, राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान असे विषय आहेत. तत्त्वज्ञान घेतलं ते वेळापत्रक बघून, कारण आमची एसटी दहाला पोचते आणि हा तास साडेदहाला असतो. आता तोच विषय सगळ्यात जास्त आवडतो. वर्गात आम्ही सातजण, कधी कधी तिघंच. सर एकटेच आहेत, तासिका तत्त्वावर. दुसऱ्या वर्षाला हाच मेजर, म्हणजे मुख्य विषय, घे म्हणून मागे लागलेत.

माझे वडील, अण्णा, माळकरी आहेत. भजनात मृदंग वाजवतात. सरांनी चार्वाक, म्हणजे देव-परलोक न मानणारा जुना विचार, शिकवला त्या दिवशी नेमकी एकादशी होती. रात्री सगळे भगर-आमटी खात बसलो होतो. मी म्हणाले, “अण्णा, देह जळाला की सगळं संपतं, पुढं काही जात नाही. मग उपास कुणासाठी करायचा?” अण्णा काहीच बोलले नाहीत. ताट तसंच सरकवून उठले. मलाही राग आला. मी स्टेटस टाकलं, “देव कुणी पाहिला?” चुलतभावाने त्याचा स्क्रीनशॉट काढून काकांना दाखवला. काका म्हणाले, “पोरगी हातची चालली. ह्यानं नोकरी लागती का? का बुवा व्हायचंय तिला?” आई म्हणते, मुकाट्याने मराठी घे आणि डी.एड. कर. तेरा दिवस झाले, अण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मी विषय सोडू का? आणि सरांचं ऐकू का?’

विषय सोडू नकोस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. पण सर म्हणतात एवढ्यावरून घेऊ नकोस. आणि त्या एकादशीच्या ताटाचं काहीतरी केल्याशिवाय तर मुळीच घेऊ नकोस.

आधी सरांचं. मी तीस वर्षं अशाच एका तालुक्याच्या कॉलेजात हाच विषय शिकवला. प्रवेश सुरू झाले की आम्ही कमी मुलांच्या विषयांचे लोक ऑफिसच्या खिडकीपाशी घुटमळायचो. इतिहासाचा फॉर्म भरायला निघालेल्या पोरांना बाजूला घ्यायचं, चहा पाजायचा आणि सांगायचं, ‘तत्त्वज्ञान घ्या, सोपं असतं, मार्क पडतात.’ दोन्ही खोटं होतं. विषय सोपा नाही आणि मार्क द्यायला माझा हात आखडायचा. पण मुलं कमी झाली की वर्कलोड जातो आणि वर्कलोड गेला की जागा जाते. तुझ्या सरांचं तर त्याहून अवघड आहे. तासिकांवर नेमलेल्या माणसाचं घर पडलेल्या तासांवर चालतं, सुट्ट्या लागल्या की तेही नाही. तेव्हा ‘मेजर घे’ म्हणताना त्यांच्या डोक्यात तू असशील तसा पटावरचा आकडाही असणार. त्यांना दोष द्यायला मी हे सांगत नाही, तुला ठाऊक असावं म्हणून सांगते.

सरांची पारख करायची एक रीत आहे. त्यांना येणार नाही असा एक प्रश्न विचार. ‘बघून सांगतो’ म्हणाले आणि आठवड्याने खरंच बघून आले, तर त्यांच्या हाताखाली पुढची वर्षं काढायला हरकत नाही. ‘हे परीक्षेला नाही’ म्हणाले, तर विषय घेता येईलच, पण मग ग्रंथपालांशी ओळख वाढवावी लागेल.

आता ताटाचं.

तुला एक गंमत सांगते, सरांनी सांगितली नसेल तर. चार्वाकांचा म्हणावा असा स्वतःचा ग्रंथ आज जवळजवळ उरलेला नाही. त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत आलं ते बहुतेक त्यांच्या विरोधकांच्या पुस्तकांतून. चौदाव्या शतकातले माधवाचार्य पक्के वेदान्ती. त्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’चं पहिलंच प्रकरण चार्वाकावर आहे. आपल्याकडे वाद घालायची पद्धतच अशी होती की समोरच्याचं म्हणणं आधी मांडायचं आणि मग ते खोडायचं. त्या पहिल्या भागाला पूर्वपक्ष म्हणतात. काही जणांनी पूर्वपक्ष मांडताना लबाडीही केली असेल. कर्ज काढून तूप प्या, एवढंच चार्वाक सांगत होता का, याबद्दल मला तरी शंका आहे. पण रीत तीच होती. ज्या चार्वाकाच्या जोरावर तू अण्णांना गप्प केलंस, तो तुझ्या पुस्तकात टिकून राहिला तो अण्णांच्या बाजूच्या माणसांनी लिहून ठेवला म्हणून.

आणि तू काय केलंस? पूर्वपक्ष न मांडता एकदम खंडनावर आलीस. अण्णा उपास मेल्यानंतरच्या फळासाठी करतात, असं तू गृहीत धरलंस. कशावरून? त्यांना कधी विचारलं होतंस का?

माझ्याही नावावर अशी एक एकादशी आहे. नोकरीचं पहिलं वर्ष होतं, मी पुण्याहून एम.ए. करून नुकती आले होते आणि अंगात वारं होतं. आषाढी होती, तरी त्या दिवशी कॉलेज भरलं होतं. मागच्या बाकावर एक मुलगा पेंगत होता. विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, उपास हे.’ फळ्यावर ‘कार्यकारणभाव’ लिहिलेलंच होतं. मी त्याला उभं केलं आणि त्याच्या उपासाची चिरफाड सुरू केली. उपासाने पाऊस पडतो का? पोट भरतं का? वर्ग खो खो हसला. मला वाटलं, तास रंगला. तो मुलगा पुन्हा वर्गात आला नाही. गणपतीच्या दिवसांत बसस्टँडसमोरच्या हॉटेलात दिसला, ताटं उचलत होता. मी विचारलं, ‘येत का नाहीस?’ म्हणाला, पैशाची अडचण हे. मग फडकं खांद्यावर टाकत म्हणाला, ‘त्या दिवशी आईचा उपास धरला होता मॅडम. डॉक्टरनी तिला गोळ्या खाऊन घ्यायला सांगितल्या होत्या, उपाशीपोटी चालत नव्हत्या. ती ऐकंना. मग मी म्हणलं, तुझा मी धरतो.’

कार्यकारणभाव शिकवत होते मी. आणि कारण विचारलंच नव्हतं.

म्हणून तुला पहिला गृहपाठ देते. एक कोरं पान घे आणि त्यावर लिही, ‘अण्णा एकादशी का करतात.’ तुझं मत त्यात एका शब्दानेही नको. त्यासाठी अण्णांशी बोलावं लागेल, म्हणजे अबोलाही सुटेल. पण ‘माफ करा’ म्हणत जाऊ नकोस. बापांना ते झेपत नाही, ते उठून गोठ्याकडे जातात. मृदंगाला कणीक लावत बसले असतील तेव्हा शेजारी बस आणि विचार, ‘अण्णा, तुम्ही पहिली एकादशी कधी धरली?’ मग ऐक. कदाचित पाप-पुण्याचा विषयसुद्धा निघणार नाही. कदाचित त्यांचे वडील निघतील, एखादा दुष्काळ निघेल, पंढरीच्या वाटेवरचा एखादा मुक्काम निघेल. ते सगळं लिही आणि त्यांना वाचून दाखव. ‘हां, असंच हे’ असं अण्णा म्हणेपर्यंत दुरुस्त करत राहा. ते झालं की त्याच पानाच्या मागच्या बाजूला तुझं म्हणणं लिही. ते वाचून दाखवायचं की नाही, हे तुझं तू ठरव. परीक्षेतल्या पंधरा मार्कांच्या प्रश्नापेक्षा हे अवघड आहे, करून बघ.

न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, तुम्हाला झालंय की पुढे आहे, पत्रावरून कळत नाही. झालं असेल तर ‘पर्वतो वह्निमान् धूमात्’ पाठ असेल. डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जशी चुलीत. इथेही तसा धूर आहे. म्हणून आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, हे त्याचे पाच अवयव. दर वर्षी मुलं मला विचारायची, ‘मॅडम, एवढ्यासाठी पाच वाक्यं कशाला? दोनात भागतं की.’ भागतं, पण स्वतःपुरतं. स्वतःच्या मनात काढलेल्या अनुमानाला स्वार्थानुमान म्हणतात. दुसऱ्याला पटवायचं असेल तर ते परार्थानुमान, आणि पाच अवयव लागतात ते त्याला. त्यातलं मधलं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. ते कसं असावं, तर सामान्य माणूस आणि जाणकार या दोघांनाही सारखंच मान्य असणारं. गौतमाच्या न्यायसूत्रांत दृष्टान्ताची व्याख्याच तशी केली आहे. चूल निवडली ती उगाच नाही. चुलीवरून कुणाचं भांडण होत नाही. तू त्या रात्री स्वार्थानुमान घेऊन परार्थाच्या पंगतीत बसलीस. अण्णांना मान्य असलेलं एकही उदाहरण तुझ्या बोलण्यात नव्हतं.

धुरावरून आठवलं. एका थंडीत मी हे शिकवत होते. वर्गाच्या खिडकीतून लांब शेतात पांढरं काहीतरी वर चढताना दिसत होतं. मला आयतंच उदाहरण मिळालं. म्हटलं, ‘तो बघा धूर, म्हणजे तिथे आग आहे, गुऱ्हाळ पेटलं असेल.’ मेंढरं राखणाऱ्या घरातला एक मुलगा होता, कधी तोंड उघडायचा नाही. तो म्हणाला, ‘मॅडम, धूर नाही तो. विहिरीची वाफ हे. धूर वर जाऊन वाकतो, ही जागच्या जागी विरायली.’ माझा हेतूच, म्हणजे दिलेलं कारणच, असिद्ध निघाला. वाफेला धूर समजण्याची ही चूक जुन्या ग्रंथांत उदाहरण म्हणून दिलेली आहे आणि मी ती वर्गात प्रत्यक्ष करून दाखवली. त्या पोराला मी पैकीच्या पैकी दिले असते, पण त्याने ते पेपरात लिहिलं नाही. पेपरात त्याने गाइडातलं लिहिलं.

गाइडाचं आलंच आहे तर सांगून टाकते. तुमच्या तालुक्यात झेरॉक्सच्या दुकानात तत्त्वज्ञानाच्या नोट्स मिळत असतील, तीस-चाळीस पानांच्या, कुणीतरी कुणाच्या तरी उतरवलेल्या. घेऊ नकोस. त्यातल्या भाषेने विषयाचा धसका बसतो. ‘ज्ञानमीमांसा ही तत्त्वज्ञानाची अशी शाखा आहे की जी…’ वगैरे. ज्ञानमीमांसा म्हणजे आपल्याकडे पारावर कुणी जरा मोठी बात केली की लोक विचारतात ना, ‘कशावरून?’, ते. बांधावरच्या भांडणात कुणीतरी म्हातारं माणूस म्हणतं, ‘त्यानं केलं ते केलं, पण तुला शोभलं का?’ ती नीतिमीमांसा. एक जाड वही कर. डाव्या पानावर पुस्तकातला शब्द, उजव्या पानावर तो शब्द तुझ्या गावात कुठे सापडला ते. दुसरं वर्ष संपेपर्यंत ती वही कोणत्याही गाइडापेक्षा उपयोगाची होईल. मराठी विश्वकोश मोबाइलवर फुकट वाचता येतो, त्यात दर्शनांवर आणि धर्मांवर चांगल्या नोंदी आहेत. आणि ग्रंथपालांना मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड आहेत का ते विचार. वाडेकरांनी संपादित केलेले, १९७४चे. जुन्या कॉलेजांत ते कुलूपबंद कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली सापडत नसते. किल्लीसाठी चिकाटी ठेव.

कॉलेज छोटं आहे याची तुला खंत वाटते, हे तू उघड लिहिलं नाहीस तरी ‘कधी कधी तिघंच’ यात मला ऐकू आलं. अगं, तिघांत लपता येत नाही, हेच त्यातलं सुख आहे. मोठ्या शहरात साठांच्या वर्गात मी स्वतः दोन वर्षं काढली आणि त्या दोन वर्षांत मला एकाही प्राध्यापकाने नावाने हाक मारली नाही. तू दर शनिवारी एक पान लिहून सरांना दे. सात मुलांचे सर ते वाचतील.

आणि तू राहतेस कुठे, ते तरी बघ. अंबाजोगाई तुला जवळच. तिथे मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०चा, म्हणजे ११८८चा मानतात, ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं आणि तो आहे कशावर? वेदान्तावर. मराठीने लिहायला बसल्या बसल्या ब्रह्म आणि जगत हेच घेतलं! आता यातही वाद आहे. ग्रंथात ज्या अंबानगरीचा उल्लेख येतो ती आपली अंबाजोगाई, की विदर्भातलं वैनगंगेकाठचं अंभोरा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. अंबाजोगाईत हे मोठ्याने बोलू नकोस, पण वहीत लिहून ठेव, कारण ‘कशावरून?’ला याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. त्याच गावात दासोपंत होऊन गेले. त्यांनी पंचीकरणावरचं, म्हणजे पाच महाभूतांच्या मिश्रणातून जग कसं घडतं यावरचं, विवेचन चक्क एका लांबच लांब कापडावर, पासोडीवर लिहून ठेवलं. वर्गात शिकायचा विषय पांघरायच्या कापडावर लिहिलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

धर्मांचा अभ्यास म्हणशील तर एक दिवस सवड काढून वेरूळला जा. एका डोंगराच्या कड्यात चौतीस लेणी आहेत: पहिली बारा बौद्धांची, पुढची सतरा हिंदूंची, शेवटची पाच जैनांची. तिथून चार-पाच किलोमीटरवर खुलताबाद, जिथे चौदाव्या शतकातले सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. एका दिवसात, एका रस्त्यावर तुझा अर्धा अभ्यासक्रम चालून होतो. जाताना अण्णांना बरोबर ने. कैलास लेण्यापाशी ते हात जोडतील आणि तू खांब मोजशील. दोन्ही कामं एकाच जागी उभं राहून करता येतात. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक का लावतात, उजवीकडे शाई कशाची असते, हे ज्याला नीट माहीत आहे तो मृदंग फोडायला उठत नाही. कधी कधी तो वाजवणाराही नसतो. धर्म अभ्यासणाऱ्याचं तसंच काहीसं आहे. तुझं देवाबद्दल काय ठरायचं ते ठरो. ते परीक्षेत विचारत नाहीत आणि एकोणिसाव्या वर्षी ते ठरवून टाकायची घाईही नाही.

स्टेटसचं मी फार काही म्हणत नाही. ते चोवीस तासांत गेलं. गावातून जायला थोडा वेळ लागेल. त्यावर खुलासा करणारं दुसरं स्टेटस मात्र टाकू नकोस. ‘देव कुणी पाहिला?’ हा प्रश्न वाईट नाही, पण एका ओळीत टाकला की तो खिजवल्यासारखा दिसतो. चुलतभावाला तेवढं सेटिंगमधून काढून टाक.

काकांचा प्रश्न मात्र खरा आहे, चेष्टेत विचारला असला तरी. बुवा व्हायला बी.ए. लागत नाही आणि त्या धंद्यात कमाई आपल्यापेक्षा बरी असते, असं त्यांना माझ्याकडून सांग. पण नोकरीचं खोटं आश्वासन मी तुला देणार नाही, ते काम मी चहा पाजून बरंच केलं आहे. तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी मिळणं दुर्मीळ झालंय. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा होऊन तासिकांवर वर्षानुवर्षं घासणारी माणसं मी पाहिली आहेत, तुझ्यासमोरही एकजण उभे आहेत. त्या एकाच आशेवर हा विषय घेणार असशील तर घेऊ नकोस. आईचं म्हणणंही धुडकावू नकोस. शाळेत तत्त्वज्ञान हा विषय नसतो, त्यामुळे पुढे शिक्षकी पेशाकडे वळायचं झालं तर नुसत्या तत्त्वज्ञानावर अडशील. म्हणून मेजर तत्त्वज्ञान आणि मायनर मराठी, असं जमतंय का ते ऑफिसात विचार. जमलं तर आईला सांगता येईल की मराठी सोडलेलं नाही. एलएल.बी.ला कोणतीही पदवी चालते, तीन वर्षांचा कोर्स आहे, आणि पूर्वपक्ष मांडता येणारा वकील आपल्या तालुका कोर्टांना हवाच आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, २५० गुणांचे दोन पेपर, आणि दुसऱ्यात धर्माचं तत्त्वज्ञान येतं. शिवाय २०१३पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर सगळ्यांनाच आहे. उत्तरं मराठीत लिहिता येतात. पण हे काकांना सांगताना जपून. एकदा ‘यूपीएससी’ म्हटलंस की गावात तू कलेक्टर झालीसच, आणि मग तो बोजा दहा वर्षं उतरत नाही.

एम.ए. करावंसं वाटलं तर पुणे आणि मुंबई विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे विभाग आहेत, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातही आहे. घर सोडता येणार नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठातून करता येतं. नेटचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, तेव्हा इंग्रजी वाचायची सवय आतापासून लाव, रोज एक परिच्छेद. सुरुवातीला एका परिच्छेदाला तास लागेल. मलाही लागायचा.

एक शेवटचं, अण्णांसाठी. तुमच्या घरी ज्ञानेश्वरीची पोथी असणारच. अठराव्या अध्यायाच्या शेवटी ‘श्रीशके पंधराशें साहोत्तरीं’ने सुरू होणाऱ्या थोड्या ओव्या असतात. त्या ज्ञानेश्वरांच्या नाहीत, पैठणच्या एकनाथांच्या आहेत. शके १५०६, म्हणजे १५८४. तीनशे वर्षांत हातोहात उतरवताना पोथीत पाठभेद शिरले होते. नाथांनी प्रती बघून पाठ शुद्ध केला आणि तसं लिहून ठेवलं. वर ताकीद दिली की यात आता कुणी आपली ओवी घुसवली तर अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखं होईल. एवढा मोठा भक्त, पण ‘पोथीत आहे म्हणजे बरोबरच’ असं म्हणाला नाही. हा शब्द मूळचा कशावरून, असं त्याने विचारलं. अण्णांनी या ओव्या शेकडो वेळा म्हटल्या असतील. त्यांना त्या वाचायला सांग आणि अर्थ विचार. तू सांगू नकोस, त्यांना सांगू दे. मध्ये बोलावंसं वाटलं तर जीभ चाव.

हे सगळं होईपर्यंत मेजरच्या फॉर्मची तारीख येईल. ती सरांकडून आधीच विचारून ठेव. आमच्या कॉलेजात ती नोटीस बोर्डावर लागायची तेव्हा बहुतेक उलटून गेलेली असायची.